संत्र्याच्या बागेतलं कॉलेज आणि चार ट्रॉफ्या

जून २००४. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर. कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय फायनल.

एका बाजूला टेक्सास विद्यापीठ. त्या वर्षीचा देशातला पहिल्या नंबरचा संघ. विद्यापीठाच्या जमिनीत तेल सापडलेलं, त्यामुळे तिजोरीला तोटा नाही. दुसऱ्या बाजूला कॅल स्टेट फुलर्टन. सरकारी कॉलेज. बहुतेक पोरं घरून येऊन-जाऊन शिकणारी. त्या सीझनमध्ये पहिल्या ३१ मॅचपैकी १६ हरलेला संघ.

आता गंमत बघा. टेक्सासचा कोच होता ऑगी गॅरिडो, आणि फुलर्टनचा हा संघ शून्यातून उभा केला होता याच गॅरिडोने. फुलर्टनचा कोच होता जॉर्ज हॉर्टन. तो गॅरिडोच्या हाताखाली खेळलेला, नंतर त्याचाच सहायक झालेला. तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या होत्या. फुलर्टनने पहिली ६-४ ने घेतली, दुसरी ३-२ ने. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

बेसबॉलशी आपला काय संबंध, असं म्हणून पुढे सरकू नका. मी काही बेसबॉलचा जाणकार नाही. तालुक्याच्या गावात बातमीदारी करतो. नगरपालिका, बाजार समिती, कॉलेज, पाणी, हेच माझे विषय. पण या एका कॉलेजची गोष्ट वाचत गेलो आणि लक्षात आलं की ही फक्त खेळाची गोष्ट नाही. सरकारी पैशावर चालणारी साधी संस्था श्रीमंतांच्या बरोबरीला कशी येते, आणि ती बरोबरी मोडायची असेल तर काय करावं लागतं, हे दोन्ही यात आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

बाग आणि हत्ती

फुलर्टन हे लॉस एंजलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटीतलं शहर. नावातच संत्रं आहे. या भागात मैलोन् मैल संत्र्याच्या बागा होत्या. शेजारच्या अनाहाइममध्ये १९५५ साली डिस्नेलँड झालं, वस्ती वाढली, बागा जाऊन प्लॉट पडले. जगभरातले गिटारवाले ज्या फेंडर गिटारसाठी जीव टाकतात ती याच फुलर्टनमध्ये जन्माला आली. आणि १९५७ साली राज्य सरकारने इथे नवीन कॉलेज मंजूर केलं. ते उभं राहिलं तेही संत्र्याच्या बागांच्याच जागेवर.

नव्या कॉलेजला ना इतिहास, ना परंपरा, ना माजी विद्यार्थ्यांचा पैसा. मग पोरांनी काय करावं? ११ मे १९६२ रोजी त्यांनी चक्क हत्तींची आंतरमहाविद्यालयीन शर्यत भरवली! सुरुवात थट्टेत झाली होती, पण हार्वर्डसकट इतर कॉलेजांनी ती उचलून धरली आणि बघायला दहाएक हजार लोक जमले. तेव्हापासून हत्ती हे कॉलेजचं बोधचिन्ह आहे. संघाचं नाव ‘टायटन्स’ आणि चिन्ह हत्ती, याचं कोडं अनेकांना पडतं. त्याचं उत्तर ही शर्यत.

परंपरा नसेल तर ती कुठून तरी सुरू करावी लागते. या लोकांनी हत्तीवरून सुरू केली.

तीन पायऱ्यांची शिडी

इथे थोडं धोरणाबद्दल सांगतो. कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्या गोष्टीचा पाया तिथे आहे.

१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा केला. राज्यातल्या सरकारी उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. सगळ्यात वर बर्कलीसारखी कॅलिफोर्निया विद्यापीठं, शाळेतून निघणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी. मधली पायरी स्टेट कॉलेजांची, वरच्या एक तृतीयांश मुलांसाठी. फुलर्टन या पायरीवर. आणि खालची पायरी कम्युनिटी कॉलेजांची, म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज, ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी. महत्त्वाचं म्हणजे खालून वर जायची वाट मोकळी ठेवली. दोन वर्षं गावातल्या कॉलेजात काढा, मार्क मिळवा आणि पुढच्या दोन वर्षांसाठी वरच्या पायरीवर या.

ही शिडी शिक्षणासाठी बांधली होती, पण तिच्यावरून बेसबॉलवालेही चढले. अठराव्या वर्षी ज्यांच्याकडे मोठ्या विद्यापीठांनी ढुंकून पाहिलं नाही, अशी पोरं कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार व्हायची आणि मग फुलर्टनला यायची. हॉर्टन स्वतः फुलर्टनला येण्याआधी जवळच्याच सेरिटोस या कम्युनिटी कॉलेजचा कोच होता. कुठल्या मैदानावर कोण पोरगं घाम गाळतंय, ही माहिती या लोकांना घरबसल्या होती. त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नव्हतं.

गॅरिडो आला

फुलर्टनमध्ये बेसबॉल १९६५ साली सुरू झालं. १९७३ साली गॅरिडो कोच म्हणून आला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. गॅरिडो व्हालेहो या बंदराच्या गावातला, बाप तिथल्या जहाजाच्या कारखान्यात कामाला. १९७५ साली संघ पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये गेला. त्या काळात कॉलेज बेसबॉल म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, यूएससी. लॉस एंजलिसमधलं श्रीमंत खासगी विद्यापीठ, तासाभराच्या अंतरावर. १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे होतं.

पहिल्याच वर्षी फुलर्टनने प्राथमिक फेरीत या यूएससीला बाहेर काढलं आणि थेट ओमाहा गाठलं.

ओमाहा म्हणजे कॉलेज बेसबॉलची पंढरी. १९५० पासून दर जूनमध्ये तिथे ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ भरते. देशभरातले शेकडो संघ छाटत छाटत शेवटी आठ उरतात ते तिथे जमतात. १९७५ साली फुलर्टन तिथे दोन मॅच हरून परत आलं. पण वाट तर दिसली. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, अर्कान्सासला २-१ ने हरवून पहिली ट्रॉफी आणली. १९८४ ला दुसरी, टेक्सासला ३-१ ने हरवून. १९९५ ला तिसरी, यूएससीविरुद्ध ११-५. त्या वर्षी संघाने ५७ मॅच जिंकल्या, ९ हरल्या. फायनलमध्ये मार्क कोट्से नावाच्या पोराने दोन होमरन मारले आणि शेवटी स्वतः बॉलिंग टाकून मॅच संपवली. चौथी २००४ ची, जिच्यापासून आपण सुरुवात केली.

आज संघ ज्या मैदानावर खेळतो ते १९९२ मध्ये झालं, म्हणजे दोन राष्ट्रीय विजेतेपदं घरात आल्यानंतर. तिथे साडेतीन हजारांच्या आसपास लोक बसतात. त्याच वर्षी कॉलेजने पैशाअभावी फुटबॉल बंद केलं. अमेरिकेत फुटबॉल बंद करणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या गावाने जत्रा बंद करण्यासारखं. बेसबॉल मात्र टिकलं.

परंपरा म्हणजे काय?

फुलर्टनची शैली होती बारीकसारीक खेळाची. क्रिकेटच्या भाषेत सांगतो. मोठे संघ षटकार मारायला बघतात. फुलर्टनवाले बॅट फिरवायचीच नाही, आडवी धरून चेंडू जेमतेम पुढे ढकलायचा आणि पळायचं, असं खेळायचे. याला बंट म्हणतात. फलंदाज बहुतेक वेळा बाद होतो, पण आधीचा धावपटू एक बेस पुढे सरकतो. स्वतः बाद होऊन दुसऱ्याला पुढे पाठवायचं. या फटक्याचं नावच ‘सॅक्रिफाइस’ आहे. हे करायला सहा फुटी पैलवान लागत नाहीत. लागतो तो सराव, आणि बाद झाल्यावर वाईट न वाटणारं मन.

ते मन कसं तयार करायचं? इथे दुसरा माणूस येतो. केन रविझा, याच कॉलेजातले शारीरिक शिक्षण विभागाचे प्राध्यापक. क्रीडा मानसशास्त्र हा शब्द फारसा कुणी वापरत नव्हता तेव्हा, १९७० च्या दशकाच्या शेवटी, गॅरिडोने त्यांना संघाबरोबर बसवलं. बेसबॉलमध्ये चांगल्यातला चांगला फलंदाज दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. म्हणजे अपयश रोजचंच. प्रश्न एवढाच की पुढच्या चेंडूला ते डोक्यात घेऊन उभं राहायचं का.

रविझांचा उपाय ऐकून हसाल. त्यांनी खेळाडूंसाठी एक छोटंसं खेळण्यातलं कमोड आणलं. चूक झाली? ये, फ्लश कर, पुढच्या चेंडूकडे बघ. एवढंच. पुढे मोठमोठ्या व्यावसायिक संघांनी याच माणसाला सल्ल्यासाठी बोलावलं. पण प्रयोगशाळा होती ती सरकारी कॉलेजच्या मैदानावर. बाहेरून महागडा सल्लागार आणला नव्हता. कॉलेजच्या एका विभागाचा मास्तर दुसऱ्या विभागाच्या मैदानावर गेला, इतकं साधं. आपल्या कॉलेजांत एका विभागाचे मास्तर दुसऱ्या विभागात चहाला तरी जातात का, हा प्रश्न मला तेव्हा पडला. असो.

गॅरिडो संत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पोरांवर असा भडकायचा की ऐकवत नाही. रिचर्ड लिंकलेटर या दिग्दर्शकाने त्याच्यावर माहितीपट केलाय, त्यात ते आहे. अभिनेता केविन कॉस्टनर याच कॉलेजचा विद्यार्थी आणि गॅरिडोचा मित्र. त्याच्या १९९९ च्या बेसबॉलवरच्या सिनेमात गॅरिडोने न्यूयॉर्क यांकीजच्या मॅनेजरची भूमिकाही केली.

आणि तो कायमचा राहिलाही नाही. १९८७ नंतर इलिनॉयला गेला, १९९१ ला परत आला, १९९६ नंतर टेक्सासला गेला तो गेलाच. एरवी अशा वेळी काय होतं? माणूस गेला की संस्था बसते. आपण किती तरी बघितल्यात. फुलर्टन बसलं नाही. कारण पुढचे कोच घरातले होते. हॉर्टन इथला खेळाडू. त्याच्यानंतर २००८ ला आलेला डेव्ह सेरानो इथला खेळाडू. त्याच्यानंतर २०१२ ला आलेला रिक व्हँडरहूक इथलाच. गॅरिडो असताना आणि नसताना मिळून १९७५ ते २०१७ या काळात या कॉलेजने १८ वेळा ओमाहा गाठलं.

मला वाटतं, परंपरा म्हणजे हीच. एकाला येतं ते दुसऱ्याला शिकवून ठेवलेलं असतं. भिंतीवरच्या फोटोंनी ती होत नाही.

२००४ च्या त्या संघात कर्ट सुझुकी नावाचा विकेटकीपर होता. बेसबॉलमध्ये त्याला कॅचर म्हणतात. हवाई बेटांवरून आलेला. सुरुवातीला शिष्यवृत्तीही नव्हती, आपल्या खर्चाने आलेला आणि संघात जागा मागितलेली. फायनलच्या दुसऱ्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला निर्णायक धाव आली ती त्याच्या फटक्यावर. पुढे तो व्यावसायिक बेसबॉलमध्ये बरीच वर्षं खेळला, २०१९ ला वर्ल्ड सिरीज जिंकला. आणि २०२५ मध्ये त्याला लॉस एंजलिस एंजल्सचा मॅनेजर नेमलं. या संघाचं मैदान फुलर्टनच्या शेजारीच, अनाहाइममध्ये. पोरगं फिरून घराजवळ आलं.

मग बिघडलं काय?

आता गोष्टीचा दुसरा भाग. २०१७ नंतर फुलर्टन ओमाहाला गेलेलं नाही.

याची कारणं अनेक. कोच बदलले, काही वर्षं वाईट गेली. पण एक कारण नियमातलं आहे.

डिव्हिजन वनमध्ये अनेक वर्षं नियम होता की एका कॉलेजने बेसबॉलसाठी एकूण ११.७ शिष्यवृत्त्याच द्यायच्या. आकडा विचित्र आहे, पण अर्थ साधा. संघात तीस-पस्तीस पोरं आणि शिष्यवृत्त्या बाराही नाहीत. मग त्या वाटायच्या. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. टेक्सासकडे कितीही पैसा असो, तेही ११.७ च्या वर जाऊ शकत नव्हते. त्यामुळे चांगल्या पोराला मोठ्या विद्यापीठातही थोडीच मदत मिळायची आणि बाकीची भरमसाट फी घरून भरावी लागायची. मग घराजवळच्या स्वस्त सरकारी कॉलेजात खेळणं त्याला परवडायचं. फुलर्टनच्या हुशारीला, मेहनतीला या नियमाचं छप्पर होतं.

हे छप्पर हळूहळू निघालं. २०२१ पासून खेळाडूंना कॉलेज बदलून लगेच दुसऱ्या संघातून खेळायची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. मग कोर्टातली मोठी तडजोड झाली आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. बेसबॉलची ११.७ ची मर्यादाही त्याबरोबर गेली. आता संघात ३४ खेळाडू आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याने ३४ च्या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यावी.

परिणाम उघड आहे. छोट्या कॉलेजने दोन वर्षं खपून पोरगं तयार करायचं, तिसऱ्या वर्षी मोठ्याने उचलून न्यायचं. हॉर्टन, सेरानो, व्हँडरहूक यांच्यासारखी ‘घरातली’ माणसं तयार व्हायला पोरं घरात राहावी तर लागतात! २०१९ ते २०२५ या काळात (२०२० ला कोरोनामुळे स्पर्धा झाली नाही) सहा विजेते झाले. सहाही एकाच गटातले, दक्षिणेतल्या पैसेवाल्या विद्यापीठांच्या एसईसी या गटातले.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी बातमीदार कसला. हे बदल खेळाडूंनी कोर्टात लढून मिळवलेत आणि त्यांचा हक्क खरा होता. मोठी विद्यापीठं टीव्हीच्या पैशावर गब्बर होत होती, कोच कोट्यधीश होत होते आणि ज्याच्या जिवावर हे सगळं, त्या पोराला पाव शिष्यवृत्ती. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर कॉलेज क्रीडा संघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला. सुझुकीसारख्या पोराने आपल्या खर्चाने येऊन ट्रॉफी जिंकून दिली, ही आपल्याला ऐकायला गोड गोष्ट आहे. त्याच्या आई-बापाच्या खिशाला ती किती गोड होती, हे आपण विचारत नाही.

लहानांनी हार मानली आहे असंही नाही. २०२५ ला केंटकीतलं मरे स्टेट हे छोटं कॉलेज पहिल्यांदाच ओमाहाला पोचलं. कोस्टल कॅरोलायना फायनलपर्यंत गेलं. वाट बंद झालेली नाही, चढ मात्र फार वाढलाय.

म्हणजे पेच असा आहे. खेळाडूला न्याय मिळाला आणि त्याच निर्णयाने लहान कॉलेजच्या पायाखालची फळी सरकली. खेळाडूला पैसे मिळायलाच हवे होते. पण ते देताना लहान संस्था टिकतील अशी काही व्यवस्थाही करता आली असती. पोरगं घडवणाऱ्या कॉलेजला, ते दुसरीकडे जाताना, काही मोबदला देता आला असता. जगभरच्या फुटबॉलमध्ये लहान क्लबांना असा मोबदला मिळतोच. इथे ज्यांच्या हातात नियम होते त्यांनी वर्षानुवर्षं टाळाटाळ केली आणि मग कोर्टाने जे करायचं ते केलं. वेळेवर नीट सुधारणा केली नाही की पुढे अशी ओढाताण होते.

गॅरिडो १५ मार्च २०१८ रोजी गेला. २०१६ ला निवृत्त झाला तेव्हा १,९७५ विजय त्याच्या नावावर होते, तोपर्यंतच्या कुठल्याही डिव्हिजन वन कोचपेक्षा जास्त. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, तीन फुलर्टनला, दोन टेक्सासला. त्याच वर्षी रविझाही गेले. एकाच वर्षात दोघं.

फुलर्टन आहे. ४० हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत, त्यातले कितीतरी घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. मैदान आहे, हत्ती आहे, भिंतीवर चार वर्षं लिहिलेली आहेत: १९७९, १९८४, १९९५, २००४.

मी हे सगळं का लिहिलं? कारण आपल्याकडे एखादं गरीब घरचं पोर चमकलं की आपण म्हणतो, ‘जिद्द बघा!’ आणि हार घालून मोकळे होतो. जिद्द असतेच हो. जिद्द मरे स्टेटकडे आहे, फुलर्टनच्या आजच्या पोरांकडेही आहे. पण जिद्दीला चढायला शिडी लागते. ती कुणी तरी बांधलेली असते, सरकारी पैशातून, धोरणातून, ११.७ सारख्या कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या आकड्यातून. आणि ती काढली जाते तेव्हाही आवाज होत नाही. एखादा नियम बदलतो, एखादी पायरी जाते, आणि काही वर्षांनी आपण म्हणतो, ‘हल्लीच्या पोरांत पूर्वीसारखी धमक राहिली नाही.’

पुढच्या वेळी असं म्हणावंसं वाटलं, तर आधी शिडी जागेवर आहे का ते बघू या.